पदावनती आणि परतीची वाट : मुंबई एफसीच्या २०१६-१७ च्या हंगामाचा विचार

सारांश

फुटबॉलच्या लीग स्पर्धेत गुणतक्त्याच्या तळाशी राहिलेल्या संघाला पुढील हंगामात खालच्या विभागात खेळावे लागते. ही पद्धत इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली व भारतीय लीगने ती स्वीकारली. सन २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये मुंबई फुटबॉल क्लब दहा संघांत दहावा आला आणि त्याची पदावनती झाली. त्याच हंगामात, आदल्या वर्षी पदावनत ठरलेला ऐझॉल एफसी विजेता ठरला. प्रस्तुत लेखात या दोन घटनांच्या आधारे पदावनतीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा व मुंबई एफसी परत का येऊ शकला नाही याची मीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : लीग, पदावनती, पदोन्नती, गुणतक्ता, संस्थात्मक संघ, खुली व बंद स्पर्धा.

१. प्रस्तावना

पदोन्नती व पदावनती या संज्ञा प्राध्यापकवर्गाला सेवानियमांतून परिचित आहेत. सेवेत पदावनती ही क्वचित होणारी आणि शिक्षेच्या स्वरूपाची कारवाई असते. फुटबॉलमध्ये मात्र ती वार्षिक आणि अटळ असते. सर्व संघ कितीही उत्तम खेळले तरी कोणीतरी शेवटचा येणारच, आणि जो येईल त्याला खाली उतरावेच लागते. विजेतेपदासाठी खेळणाऱ्या संघांची कथा वृत्तपत्रे आवडीने सांगतात. तळाशी चाललेल्या झुंजीची नोंद सहसा गुणतक्त्यातील एका ओळीपुरतीच राहते. वस्तुतः स्पर्धेची रचना न्याय्य आहे की नाही, हे पाहावयाचे असेल तर तक्त्याच्या शिखरापेक्षा त्याच्या तळाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

घोडबंदर रस्त्याच्या परिसरातील महाविद्यालयांच्या आवारात इंग्लिश क्लबांचे अंगरखे घातलेले विद्यार्थी नेहमी दिसतात. लीस्टर सिटी २०१५ मध्ये पदावनतीच्या कड्यावरून परतला आणि २०१६ मध्ये विजेता झाला, हे त्यांना ठाऊक असते. परंतु ठाण्याहून लोकलने गाठता येणाऱ्या कूपरेजच्या मैदानावर त्याच दशकात एक क्लब अशीच झुंज देत होता आणि अखेर ती हरला, याची माहिती फारच थोड्यांना असते. म्हणून हा विषय येथे विवेचनास घेतला आहे.

२. पदावनतीची संकल्पना : इंग्लंडमधील उगम

इंग्लंडमधील फुटबॉल लीगची स्थापना १८८८ साली, अॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅक्ग्रेगर यांच्या पुढाकाराने, बारा क्लबांना एकत्र आणून झाली. प्रारंभी पदावनतीचा नियम नव्हता. तळाच्या चार क्लबांना पुढील वर्षासाठी पुन्हा निवडून यावे लागे आणि ही निवड इतर क्लबांच्या मतांवर होत असे. पहिल्या हंगामानंतर तळाचे चारही क्लब पुन्हा निवडले गेले. दुसऱ्या हंगामानंतर मात्र स्टोक क्लबाला जागा गमवावी लागली व ती संडरलंडला मिळाली. तात्पर्य, मैदानावरील निकालाइतकेच सभागृहातील वजन महत्त्वाचे होते.

सन १८९२ मध्ये लीगचा दुसरा विभाग सुरू झाला आणि दोन विभागांमध्ये ये-जा कशी व्हावी हा प्रश्न उभा राहिला. त्यावर ‘कसोटी सामने’ हा तोडगा निघाला. वरच्या विभागातील तळाचे तीन व खालच्या विभागातील अग्रणी तीन संघ तटस्थ मैदानावर परस्परांशी खेळत. या व्यवस्थेची धग सर्वप्रथम सोसणाऱ्या क्लबांपैकी एक म्हणजे न्यूटन हीथ. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या मँचेस्टर येथील डबे व वाघिणींच्या कारखान्यातील कामगारांनी १८७८ साली हा क्लब स्थापन केला होता. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावाजवळ राहणाऱ्या वाचकाला अशा कामगार संघाची जातकुळी वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

न्यूटन हीथला १८९२ साली थेट पहिल्या विभागात प्रवेश मिळाला. त्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनचा १०-१ असा धुव्वा उडवला, तरीही तीस सामन्यांच्या अखेरीस हा संघ सोळा संघांत शेवटचा आला. एका दिवसाचा पराक्रम आणि हंगामाचे सातत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट करणारे उदाहरण सापडणे कठीण. कसोटी सामन्यात स्मॉल हीथशी १-१ अशी बरोबरी झाली व फेरसामना ५-२ असा जिंकून न्यूटन हीथने आपली जागा राखली. परंतु पुढच्या वर्षीही संघ तळाशीच राहिला. एप्रिल १८९४ मध्ये दुसऱ्या विभागात अपराजित राहिलेल्या लिव्हरपूलने त्यांना २-० असे हरवले आणि न्यूटन हीथ खाली उतरला.

कसोटी सामन्यांची पद्धत फार काळ टिकली नाही. सन १८९८ मध्ये स्टोक व बर्न्ली यांच्यातील कसोटी सामना अशा अवस्थेत खेळला गेला की, बरोबरी झाल्यास दोन्ही संघांना पहिला विभाग मिळणार होता. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि खेळाडूंनी गोल करण्याचा यत्नच केला नाही अशी टीका झाली. लीगने कसोटी सामने रद्द केले आणि १८९८-९९ च्या हंगामापासून तळाचे दोन संघ आपोआप खाली व वरचे दोन संघ आपोआप वर, असा नियम केला. मत, ओळख वा तडजोड यांना वाव न ठेवता केवळ गुणतक्त्याने निर्णय देणे, हे या नियमाचे सार होय.

येथे न्यूटन हीथचे पुढे काय झाले हे पाहणे अगत्याचे आहे. हा क्लब बारा वर्षे दुसऱ्या विभागात राहिला. सन १९०२ मध्ये कर्जापायी तो दिवाळखोरीत निघाला, नवे भांडवल मिळाले आणि त्याचे नाव मँचेस्टर युनायटेड असे झाले. सन १९०६ मध्ये तो वरच्या विभागात परतला आणि १९०८ मध्ये विजेता झाला. खाली उतरणे म्हणजे संपणे नव्हे. खाली खेळण्यास विभाग होता, प्रतिस्पर्धी होते, प्रेक्षक होते आणि वर जाण्याची वाट मोकळी होती. पदावनतीची शिक्षा या चार गोष्टी गृहीत धरते.

३. तळाच्या झुंजीचे गणित

मुंबई एफसीच्या हंगामाकडे वळण्यापूर्वी तळाच्या झुंजीचे गणित थोडक्यात समजून घेऊ. न्यूटन हीथच्या काळी विजयाला दोन व बरोबरीला एक गुण असे. इंग्लंडने १९८१ पासून विजयाला तीन गुण देण्यास प्रारंभ केला व पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. या एका गुणाने खेळाचे तत्त्वज्ञान बदलले.

दहा संघांच्या लीगमध्ये प्रत्येक संघ अठरा सामने खेळतो. सर्व सामने बरोबरीत सोडवणाऱ्या संघाला जुन्या पद्धतीत ३६ पैकी १८, म्हणजे निम्मे गुण मिळत. नव्या पद्धतीत त्याला ५४ पैकी १८, म्हणजे एक तृतीयांश गुण मिळतात. सहा सामने जिंकून बारा हरणाऱ्या संघाचेही गुण तितकेच होतात. एकही सामना न हरणारा संघ आणि दोन तृतीयांश सामने हरणारा संघ एकाच ओळीत येऊन बसतात. साहजिकच ‘हरायचे नाही’ ही वृत्ती पुरेशी ठरत नाही. कधी ना कधी जिंकावेच लागते.

दुसरी बाब अशी की, तळाच्या दोन संघांमधील सामना हा दुहेरी मोलाचा असतो. त्यात विजयी संघाला तीन गुण मिळतात आणि प्रतिस्पर्ध्याला तीन गुण नाकारले जातात. दोहोंतील अंतर एका सायंकाळी बदलते. म्हणून वाचण्यासाठी झुंजणारा संघ बलाढ्य संघाविरुद्ध एक गुण मिळाला तरी समाधान मानतो, पण आपल्या बरोबरीच्या संघाविरुद्ध घरच्या मैदानावरचा सामना गमावणे त्याला परवडत नाही. मर्यादित साधनांत असा हिशेब मांडून हंगाम पार पाडणे, ही प्रशिक्षकाची वेगळीच विद्या होय.

४. भारतीय लीग : शिडी आणि तिच्या सवलती

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली व २००७-०८ पासून तिची जागा आय-लीगने घेतली. दुसरा विभाग, पदोन्नती व पदावनती ही इंग्लिश चौकट येथेही होती. परंतु तिच्यात भारतीय परिस्थितीनुसार एक महत्त्वाचा फेरफार झाला. नवे उद्योगसमूह फुटबॉलकडे वळावेत या हेतूने त्यांच्या संघांना थेट पहिल्या विभागात प्रवेश देण्यात आला आणि प्रारंभीच्या हंगामांसाठी पदावनतीपासून संरक्षणही देण्यात आले. मुंबईस्थित जेएसडब्ल्यू समूहाचा बंगळूरू एफसी याच मार्गाने २०१३ मध्ये आला व पहिल्याच वर्षी विजेता झाला. या यशामुळे थेट प्रवेशाचे धोरण फलदायी वाटणे स्वाभाविक होते.

या सवलतीची दुसरी बाजू मात्र पुढच्या दोन वर्षांत दिसली, आणि दोन्ही वेळा लाभार्थी संघ पुण्याचे होते. सन २०१४-१५ मध्ये पुण्याचा भारत एफसी अकरा संघांत शेवटचा आला. त्याला संरक्षण असल्याने त्याच्यावर असलेला, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो क्लब खाली गेला. सन २०१५-१६ मध्ये पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स नऊ संघांत शेवटचा आला. तोही संरक्षित असल्याने आठवा आलेला मिझोरमचा ऐझॉल एफसी पदावनत ठरला. दोन्ही प्रसंगी शेवटच्या संघाने जागा राखली व त्याच्या वरच्या संघाने ती गमावली. सन १८९८ मध्ये इंग्लिश लीगने जो मोह टाळला, तोच मोह येथे नियम म्हणून आला, असे म्हणता येईल.

ऐझॉलला जागा परत मिळाली, ती वेगळ्याच कारणाने. देशाच्या फुटबॉलच्या नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार, या मुद्द्यावर नाराज होऊन २०१६ मध्ये साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी लीगमधून माघार घेतली. दुसरा विभाग जिंकून परतण्यास पात्र ठरलेला डेम्पोही पुढे बाहेर पडला. रिकाम्या जागा भरण्याच्या ओघात ऐझॉलला पुन्हा पहिल्या विभागात घेण्यात आले.

५. मुंबई एफसी : तगून राहण्याची नऊ वर्षे

मुंबई फुटबॉल क्लबची स्थापना २००७ मध्ये एस्सेल समूहाच्या आश्रयाने झाली. इंग्लंडचे डेव्हिड बूथ हे त्याचे पहिले प्रशिक्षक होते. क्लबाने थेट प्रवेशाची सवलत घेतली नाही. तो २००८ मध्ये दुसऱ्या विभागात खेळला, तेथे विजेता ठरला आणि पदोन्नतीने २००८-०९ च्या आय-लीगमध्ये दाखल झाला. शिडीच्या खालच्या पायरीवरून रीतसर वर चढलेला हा क्लब होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

सन २००९ मध्ये खालिद जमील यांच्याकडे प्रशिक्षकपद आले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया व मुंबई एफसी अशा मुंबईच्या संघांतून खेळलेले जमील त्या वेळी पस्तिशीच्याही आत होते. सलग सात हंगाम त्यांनी संघ सांभाळला. या काळात मुंबई एफसीने विजेतेपदासाठी कधी गंभीर दावा केला नाही. पण पहिला विभागही सोडला नाही. कोलकात्याच्या वा गोव्याच्या क्लबांइतका पैसा नाही, नामांकित परदेशी खेळाडू नाहीत, कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले, अशा अवस्थेत सात वर्षे तगून राहणे हे कर्तृत्वच होते. भक्कम बचाव, शिस्त आणि संधी मिळताच प्रतिहल्ला अशी संघाची ओळख झाली. पाहणाऱ्याला तो खेळ रुक्ष वाटे; पण गुणतक्ता सौंदर्याची नोंद घेत नाही.

सन २०१५-१६ चा हंगाम संपल्यावर क्लबाने जमील यांना निरोप दिला. दरवर्षी केवळ वाचण्यापेक्षा अधिक काही साधावे, अशी आकांक्षा कोणत्याही व्यवस्थापनाच्या मनात येऊ शकते व ती गैर नव्हे. परंतु ज्या संघाचे सारे बळ एका माणसाच्या अनुभवात साठलेले असते, त्या संघाला बदलाची किंमत लगेच मोजावी लागते. अनेक वर्षे एकाच विभागप्रमुखाच्या खांद्यावर चाललेल्या विभागाचे त्याच्या निवृत्तीनंतर काय होते, हे आपण सर्वजण जाणतो.

६. २०१६-१७ चा हंगाम

संतोष कश्यप यांच्या मार्गदर्शनाखाली संघ जानेवारी २०१७ मध्ये मैदानात उतरला. आरंभ आश्वासक होता. हंगामाच्या सुरुवातीलाच विजय मिळाले. नंतर मात्र विजय दुर्मिळ झाले आणि आठवड्यामागून आठवडे संघ तक्त्यात खाली सरकत गेला. तिसऱ्या भागात मांडलेले गणित येथे प्रत्ययास येते. विजयाविना जाणाऱ्या प्रत्येक सामन्यागणिक पुढचा सामना अधिक मोलाचा होतो, तो मोलाचा झाल्याने संघ अधिक सावध खेळतो, आणि सावध खेळल्याने विजय आणखी दुरावतो. हंगाम चालू असतानाच कश्यप यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आले. चालत्या हंगामात नव्या प्रशिक्षकाला स्वतःचे खेळाडू निवडता येत नाहीत, नवी पद्धत रुजवण्यास वेळ मिळत नाही. मिळतो तो केवळ काही काळचा उत्साह. तो पुरेसा ठरला नाही. अठरा सामन्यांच्या अखेरीस मुंबई एफसी दहावा, म्हणजे शेवटचा आला.

त्याच अठरा सामन्यांत दुसरीकडे काय घडत होते? मुंबईने निरोप दिलेले जमील हंगामाच्या तोंडावर ऐझॉलचे प्रशिक्षक झाले. मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता हे खेळाडूही त्यांच्या संघात होते. आदल्या वर्षी पदावनत ठरलेला हा संघ २२ एप्रिल २०१७ रोजी मोहन बागानला आपल्या मैदानावर १-० असे हरवून अग्रस्थानी आला. ३० एप्रिलला शिलाँग येथे लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून त्याने विजेतेपद मिळवले. ऐझॉलचे गुण ३७ झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

या दोन निकालांना ‘नियतीचा न्याय’ असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. तथापि तो निष्कर्ष घाईचा ठरेल. जमील राहिले असते तर मुंबई एफसी विजेता झाला असता असे म्हणण्यास आधार नाही; सात वर्षांत तसे झाले नव्हते. मुंबईतील तगून राहण्याच्या विद्येला ऐझॉलमध्ये तरुण व वेगवान खेळाडूंची आणि सामन्याला लोटणाऱ्या गावाची जोड मिळाली, एवढेच म्हणता येते. मुंबईकडे ती विद्या होती तेव्हा ही जोड नव्हती. आणि विद्याही गेल्यावर हाती काहीच उरले नाही.

यात रचनेचाही वाटा होता. सन २०१४ ते २०१६ या वर्षांत इंडियन सुपर लीग ऑक्टोबर ते डिसेंबर व आय-लीग त्यानंतर जानेवारीपासून, असे वेळापत्रक होते. अनेक खेळाडू पहिले तीन महिने एका संघाकडून व पुढचे चार महिने दुसऱ्या संघाकडून खेळत. दोन स्पर्धांच्या सांध्यात संघ बांधण्यास फारच कमी अवधी मिळे. सुस्थापित क्लबांना हे निभावता आले. नव्या प्रशिक्षकासह नवा आरंभ करणाऱ्या मुंबई एफसीला ते अधिक जड गेले असावे.

७. घसरणीनंतर

पदावनत झालेल्या संघाने पुढच्या हंगामात दुसऱ्या विभागात खेळावे, ही अपेक्षा. मुंबई एफसी दुसऱ्या विभागात उतरलाच नाही. क्लबाचे कामकाज थांबले. न्यूटन हीथच्या कथेशी तुलना करता मुख्य भेद येथे आहे. एक क्लब खाली जाऊन बारा वर्षे झुंजला. दुसऱ्यासाठी खाली जाणे म्हणजेच संपणे ठरले.

याचे कारण शोधताना महाराष्ट्रातील इतर क्लबांकडे पाहणे उद्बोधक ठरते. सन २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. एअर इंडिया व ओएनजीसी हे मुंबईचे संस्थात्मक संघ २०१३ मध्ये क्लब-परवान्याच्या निकषांत न बसल्याने लीगबाहेर गेले. पुणे एफसी व भारत एफसी २०१५ मध्ये थांबले. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये थांबला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक अडचणींत बंद पडला. मुंबई एफसी धरून सुमारे दशकभरात राज्यातील आठ संघ राष्ट्रीय पातळीवरून गेले. यांपैकी गुणतक्त्याने खाली ढकललेला असा मुंबई एफसी एकटाच. भारत एफसी व डीएसके यांना तर संरक्षण होते आणि पुणे सिटीच्या स्पर्धेत पदावनतीच नव्हती. तरीही ते उरले नाहीत. म्हणजे क्लब नाहीसे होण्याचे कारण पदावनती नव्हे. ज्याच्या खाली आधाराची जमीन नाही, तो उंचावर सुरक्षित ठेवला तरी एका निर्णयाने नाहीसा होऊ शकतो.

याउलट जे क्लब गावात वा समाजात रुजलेले असतात ते पडूनही उठतात. शिलाँग लाजाँग २०१० मध्ये खाली गेला व परतला. २०१९ मध्ये पुन्हा खाली गेला व २०२३-२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला. सन २०१५ मध्ये अन्यायाने म्हणावे असे खाली गेलेला डेम्पो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. नऊ वर्षांचा हा वनवास संपवण्यास गोव्याची स्थानिक स्पर्धा, स्वतःची युवा-घडण आणि पिढीजात पाठीराखे यांचा आधार होता.

८. बंद स्पर्धेच्या बाजूने

पदावनतीविरुद्धचा युक्तिवाद येथे मांडणे न्यायाचे होईल. इंडियन सुपर लीगच्या २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत एकही संघ पदावनत झाला नाही. मुंबई सिटी एफसी २०१४ मध्ये आठ संघांत सातवा आला, २०१५ मध्ये सहावा आणि २०१६ मध्ये साखळी फेरीत पहिला. पदावनतीची टांगती तलवार नसल्यामुळे त्याला संघ हळूहळू उभारता आला. गुंतवणूकदाराला स्थैर्य लागते, एका वाईट हंगामाने कोट्यवधींचा खर्च मातीमोल होऊ नये, हा मुद्दा क्षुल्लक नाही.

परंतु बंद स्पर्धेत तळाचा सामना निरर्थक होतो आणि बाहेरच्या क्लबाला आत येण्याची आशा राहत नाही. रुग्णाला ताप येऊ नये म्हणून तापमापकच काढून टाकण्यासारखे हे आहे. भारतीय फुटबॉलनेही अखेर निदान एक दार उघडले. सन २०२२-२३ ची आय-लीग जिंकणारा पंजाबचा संघ पदोन्नतीने सुपर लीगमध्ये गेला. पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग गेला. मुंबई एफसी टिकला असता तर हीच वाट त्यालाही मिळू शकली असती, ही खंत राहते.

मुंबई परिसरातून त्यानंतरही प्रयत्न झाले. केंकरे एफसी आय-लीगमध्ये पोहोचला आणि २०२२-२३ मध्ये पदावनत झाला. त्याच वर्षी आपल्या कल्याणच्या पलीकडील अंबरनाथचे नाव धारण करणारा अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा संघ देशाच्या दुसऱ्या विभागात खेळला. हे क्लब टिकतील वा नाही, हे त्यांच्या प्रत्येक सामन्याच्या निकालापेक्षा त्यांच्यामागे कोण उभे राहते यावर अधिक अवलंबून आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(अ) पदावनती ही मूलतः शिक्षा नसून सभागृहातील मर्जीच्या जागी मैदानावरील गुण आणणारी व्यवस्था आहे. १८९८ पूर्वीची इंग्लिश लीग व २०१५-१६ ची भारतीय लीग या दोन्ही ठिकाणी सवलती आल्या तेथे खालचा संघ राहिला व वरचा गेला.

(आ) मुंबई एफसीची पदावनती नियमाला धरून होती. सात वर्षांचा अनुभव एका हंगामात बदलण्याचा निर्णय, चालत्या हंगामातील दुसरा बदल व दुहेरी लीगचे वेळापत्रक ही तिची कारणे दिसतात.

(इ) मुंबई एफसीचा अंत मात्र पदावनतीमुळे झाला नाही. खालच्या विभागात टिकण्यासाठी लागणारे स्थानिक उत्पन्न, सदस्य आणि पाठीराखे यांचा पाया नसल्यामुळे तो झाला.

(ई) ज्या व्यवस्थेत पदावनती आहे तेथे परतीची वाट असणे अनिवार्य आहे. मूल्यांकनात श्रेणी घसरलेल्या महाविद्यालयाला पुढील फेरीत ती सुधारण्याची संधी असते, म्हणूनच ते मूल्यांकन उपकारक ठरते. श्रेणी घसरताच महाविद्यालय बंद होऊ लागले तर त्याला मूल्यांकन म्हणता येणार नाही.

खालिद जमील २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांना सात वर्षे तळाच्या झुंजीत घडवणारा क्लब त्या वेळी अस्तित्वात नव्हता. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात फुटबॉल पाहणाऱ्यांची उणीव नाही. उणीव आहे ती पडत्या काळातही आपल्या संघाचा सामना पाहावयास जाणाऱ्यांची. महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी स्थानिक क्लबांशी दुवा जोडल्यास, विद्यार्थी खेळाडूंची व प्रेक्षकांची नियमित ये-जा सुरू झाल्यास, पुढचा क्लब घसरेल तेव्हा त्याच्या पायाखाली निदान जमीन असेल.